संक्षुब्ध ज्वलनाचे संगणकीय आकलन : ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या संशोधनाचा परिचय

सारांश

संक्षुब्ध प्रवाह आणि ज्वलन या दोन्ही घटना स्वतंत्रपणेही गणिताच्या आवाक्यात सहजासहजी न येणाऱ्या आहेत. त्या एकत्र आल्या की प्रश्न अधिकच जटिल होतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील प्रा. ब्रायन स्पॉल्डिंग (१९२३–२०१६) यांनी या प्रश्नाला भिडण्यासाठी जी प्रतिमाने आणि ज्या गणनपद्धती विकसित केल्या, त्यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. त्यांचे विद्यार्थी व सहकारी डॉ. सुहास पाटणकर यांच्या योगदानाचाही विचार केला आहे. संगणकाने दिलेल्या उत्तराची विश्वसनीयता ही त्यामागील गृहीतकांच्या विश्वसनीयतेइतकीच असते, हे या संशोधनाच्या आधारे स्पष्ट करणे हा लेखाचा हेतू आहे.

प्रस्तावना

चुलीतील लाकडे धुमसू लागली की फुंकणीने फुंकर घालतात आणि जाळ भडकतो. या साध्या कृतीत एक मूलभूत तत्त्व दडलेले आहे. फुंकर घातल्याने लाकडाचे रासायनिक गुणधर्म बदलत नाहीत. बदलते ते हवेचे लाकडातून निघणाऱ्या ज्वलनशील वायूंत होणारे मिश्रण. इंधन आणि ऑक्सिजन एकमेकांना भेटले, तर पुरेशा तापमानाला त्यांची रासायनिक क्रिया घडून येण्यास फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्यांची भेट घडण्यास.

बाष्पकाची भट्टी, विमानाचे जेट इंजिन किंवा मोटारीचे इंजिन यांच्या अंतर्भागात हेच घडत असते. ज्योत कोठे स्थिरावेल, भिंतीचा कोणता भाग अधिक तापेल, इंधन पूर्णपणे जळेल काय आणि धुरातून कोणते प्रदूषक बाहेर पडतील, हे प्रश्न अभियंत्यापुढे असतात. पूर्वी त्यांची उत्तरे मुख्यतः प्रयोगांतून आणि अनुभवातून मिळत. आज ती मोठ्या प्रमाणावर संगणकीय द्रायुगतिकीतून, म्हणजेच अभियंते ज्याला ‘सीएफडी’ म्हणतात त्या शास्त्रातून मिळवली जातात. द्रायू म्हणजे वाहू शकणारा पदार्थ. द्रव आणि वायू या दोहोंचा त्यात समावेश होतो.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील पदवी व पदव्युत्तर प्रकल्पांत अशा गणनेची रंगीत चित्रे आता नित्याची झाली आहेत. लाल रंग उष्ण भागाचा, निळा थंड भागाचा. चित्र देखणे असते आणि म्हणूनच ते पटते. परंतु त्यातील निसर्गाचा भाग किती आणि प्रतिमानकर्त्याच्या गृहीतकांचा भाग किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी ही गृहीतके कोणत्या गरजेतून जन्माला आली, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रश्नाचे स्वरूप

द्रायूच्या गतीची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली होती. फ्रान्समधील नाविए यांनी १८२२ मध्ये आणि ब्रिटनमधील स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली. समीकरणे ज्ञात असतील तर ती संगणकावर सोडवली म्हणजे झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच पहिली अडचण उभी राहते.

ऑस्बर्न रेनॉल्ड्झ यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून एक प्रसिद्ध प्रयोग केला. वेग कमी असताना रंगाची रेषा सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटून संपूर्ण नळीत पसरली. पहिला प्रवाह स्तरीय, तर दुसरा संक्षुब्ध होय. संक्षुब्ध प्रवाहात लहानमोठ्या आकारांचे असंख्य भोवरे असतात. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान भोवरे अधिक लहान होतात आणि अखेरीस श्यानतेमुळे त्यांची ऊर्जा उष्णतेत विलीन होते. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये या सर्वांत लहान भोवऱ्यांच्या आकाराचा अंदाज दिला. त्यानुसार प्रत्येक भोवरा टिपण्यासाठी लागणाऱ्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्झ अंकाच्या सव्वादोन घाताच्या प्रमाणात वाढते. मोठ्या भोवऱ्यांच्या मापावर आधारलेला हा अंक १०,००० असेल, तर सुमारे १ अब्ज बिंदू लागतात. शिवाय प्रत्येक बिंदूवर अतिसूक्ष्म कालांतराने पुनःपुन्हा गणना करावी लागते. प्रयोगशाळेतील लहान ज्योतींची अशी गणना आज महासंगणकांवर होते. कारखान्यातील भट्टीसाठी ती नित्याची पद्धत होऊ शकत नाही.

म्हणून अभियंते सर्व राशींच्या सरासरीचा आश्रय घेतात. रेनॉल्ड्झ यांनीच १८९५ मध्ये ही वाट दाखवली. मात्र सरासरी घेताना भोवऱ्यांच्या परिणामाची माहिती लोप पावते आणि समीकरणांपेक्षा अज्ञात राशी अधिक होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी भोवऱ्यांच्या वर्तनाविषयी काही गृहीत धरावे लागते. या गृहीतकांच्या संचालाच संक्षोभाचे प्रतिमान म्हणतात.

दुसरी अडचण रसायनशास्त्राची आहे. मिथेनचे ज्वलन शाळेच्या पुस्तकात एका ओळीत लिहिता येते. प्रत्यक्षात मात्र ते अनेक मध्यस्थ घटकांमधून घडते. नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी सर्वपरिचित असलेल्या ‘जीआरआय-मेक ३.०’ या यंत्रणेत ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. त्यातही अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी पद्धतीने बदलतो आणि तेथे सरासरी दगा देते. एक उदाहरण घेऊ. एखाद्या अभिक्रियेचे सक्रियण-तापमान २०,००० केल्व्हिन आहे आणि एका ठिकाणचे तापमान निम्मा वेळ १,००० केल्व्हिन, तर निम्मा वेळ २,००० केल्व्हिन आहे, असे समजू. सरासरी तापमान १,५०० केल्व्हिन येते. ते वापरून काढलेला वेग आणि दोन्ही अवस्थांतील वेगांची खरी सरासरी यांची तुलना केली, तर खरी सरासरी सुमारे १४ पट अधिक भरते. म्हणजे सरासरी तापमान अचूक मिळाले तरी त्यावरून काढलेला ज्वलनाचा वेग पूर्णपणे चुकू शकतो. संक्षुब्ध ज्वलनाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

थेंबाच्या ज्वलनापासून आरंभ

डडली ब्रायन स्पॉल्डिंग यांचा जन्म इंग्लंडमध्ये १९२३ साली झाला. ऑक्सफर्ड येथे पदवी घेतल्यानंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात द्रव इंधनांच्या ज्वलनावर पीएच.डी.चे संशोधन केले. १९५४ मध्ये ते इंपीरियल कॉलेजमध्ये रुजू झाले आणि पुढील कार्यकाळ मुख्यत्वे तेथेच गेला.

द्रव इंधन फवाऱ्याने भट्टीत सोडले की त्याचे बारीक थेंब होतात. हा थेंब किती वेळात जळून संपेल, हा त्यांच्या आरंभीच्या अभ्यासाचा विषय होता. वरकरणी हा रसायनशास्त्राचा प्रश्न वाटतो. परंतु थेंब प्रथम बाष्परूप व्हावा लागतो, त्यासाठी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते आणि बाष्पाला हवेपर्यंत विसरित व्हावे लागते. या तुलनेत रासायनिक क्रिया इतकी शीघ्र असते की तिच्या वेगाचा हिशेब बहुतांशी सोडून देता येतो. उपलब्ध उष्णता आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता यांचे गुणोत्तर सांगणारा अपरिमाण अंक आज ‘स्पॉल्डिंग अंक’ या नावाने ओळखला जातो.

या विश्लेषणातून मिळणारा निष्कर्ष असा की, थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १०० मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबाऐवजी तितक्याच इंधनाचे ५० मायक्रॉनचे आठ थेंब केले, तर ते एक चतुर्थांश वेळात जळतात. इंधन तेच, हवा तीच; बदल फक्त विभागणीत. रासायनिक तपशिलात न शिरता ज्वलनाविषयी उपयुक्त विधान करता येते, हा धडा स्पॉल्डिंग यांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येतो.

भोवऱ्यांचे विघटन आणि ज्वलनाचा वेग

इंधन आणि हवा आधीच मिसळून नलिकेतून वेगाने सोडली आणि मध्ये एखादा अडथळा ठेवला, तर त्या अडथळ्यामागे ज्योत स्थिरावते व तेथून ती पाचरीसारखी पसरत जाते. इंधनाचे प्रमाण किंवा येणाऱ्या मिश्रणाचा वेग बदलला, तरी या पाचरीचा कोन फारसा बदलत नाही, असे प्रयोगांत आढळले होते. रासायनिक वेगच निर्णायक असता तर असे घडते ना. स्पॉल्डिंग यांनी यातून निष्कर्ष काढला की, येथे ज्वलनाचा वेग संक्षोभच ठरवतो. न जळलेल्या वायूचे मोठे गोळे भोवऱ्यांमुळे फुटत जातात. ते पुरेसे लहान झाले की जवळच्या तप्त वायूच्या सान्निध्यात तत्काळ जळतात. म्हणून गोळे फुटण्याचा वेग तोच ज्वलनाचा वेग. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे ‘भोवरा-विघटन प्रतिमान’ होय.

आता गोळे फुटण्याचा वेग कसा ठरवायचा? त्याचे उत्तर संक्षोभाच्या प्रतिमानातून मिळते. ब्रायन लाँडर आणि स्पॉल्डिंग यांनी १९७२ मधील पुस्तकातून व १९७४ मधील शोधनिबंधातून ‘के-एप्सिलॉन’ प्रतिमान अभियंत्यांमध्ये रूढ केले. यात ‘के’ म्हणजे संक्षोभाची एकक वस्तुमानामागील गतिज ऊर्जा आणि ‘एप्सिलॉन’ म्हणजे ती ऊर्जा नष्ट होण्याचा वेग. पहिल्याला दुसऱ्याने भागले की मोठ्या भोवऱ्याचे साधारण आयुष्य मिळते. भोवरा-विघटन प्रतिमानाच्या पुढे रूढ झालेल्या रूपात ज्वलनाचा वेग या आयुष्याच्या व्यस्त प्रमाणात धरला जातो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘के’ १० चौरस मीटर प्रति चौरस सेकंद आणि ‘एप्सिलॉन’ १,००० चौरस मीटर प्रति घन सेकंद असेल, तर भोवऱ्याचे आयुष्य ०.०१ सेकंद, म्हणजे १० मिलिसेकंद येते. मिथेन आणि हवेच्या योग्य प्रमाणातील मिश्रणात स्तरीय ज्योतीचा वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर असतो. ज्योतीची जाडी ०.४ मिलिमीटर धरली, तर ती पार करण्यास १ मिलिसेकंद लागतो. या दोन कालावधींचे गुणोत्तर १० येते. यालाच डामकोलर अंक म्हणतात. तो एकापेक्षा बराच मोठा असेल तर मिश्रण हा मंद टप्पा ठरतो आणि संपूर्ण प्रक्रियेचा वेग त्या टप्प्याच्याच हाती जातो. स्पॉल्डिंग यांचे गृहीतक अशा परिस्थितीत ग्राह्य ठरते. डामकोलर अंक एकाच्या जवळपास आला, तर मात्र या गृहीतकाचा पायाच खचतो.

दाबाचे कोडे आणि पाटणकर यांचे योगदान

प्रतिमान सिद्ध झाले तरी समीकरणे संगणकावर सोडवण्याची वाट निष्कंटक नव्हती. प्रवाहाच्या वेगासाठी संवेगाचे समीकरण आहे, तापमानासाठी ऊर्जेचे समीकरण आहे. परंतु मंदगती प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र असे समीकरणच नाही. वेग काढण्यासाठी दाब माहीत हवा आणि दाब बरोबर आहे की नाही, हे मिळालेल्या वेगांतून द्रव्यमानाची अक्षय्यता साधते की नाही यावरूनच कळते.

हे कोडे व्यवहारोपयोगी पद्धतीने सोडवण्यात पुण्याच्या एका अभियंत्याचा मोलाचा वाटा आहे. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ मध्ये पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन करून ते इंपीरियल कॉलेजमध्ये स्पॉल्डिंग यांच्याकडे संशोधनासाठी गेले. १९६७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. गुरुशिष्यांनी १९७२ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेली पद्धत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिंपल’ या नावाने सर्वत्र ओळखली जाते.

या पद्धतीचे तत्त्व सांगता येण्याजोगे आहे. प्रवाहाचे क्षेत्र लहान लहान कोठड्यांत विभागले आहे, अशी कल्पना करावी. प्रथम प्रत्येक कोठडीतील दाबाचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून वेग काढायचे. हे वेग बहुधा चुकीचे असतात. एखाद्या कोठडीत येणारा वायू अधिक आणि जाणारा कमी, असे आढळते. खोलीत येणारी माणसे अधिक आणि जाणारी कमी असली की गर्दी वाढते, त्याप्रमाणे त्या कोठडीतील दाब वाढवायचा. जेथे उलट स्थिती असेल तेथे तो कमी करायचा. नव्या दाबावरून पुन्हा वेग काढायचे. प्रत्येक कोठडीचा जमाखर्च जुळेपर्यंत ही आवर्तने चालू ठेवायची.

येथे आणखी एक सापळा असतो. लागोपाठच्या कोठड्यांतील दाब १००, ५०, १००, ५० असा आलटून पालटून आला आणि दाबाचा उतार एकाआड एक कोठड्यांच्या फरकावरून काढला, तर तो सर्वत्र शून्य येतो. बुद्धिबळाच्या पटासारखा असा दाब गणिताला सपाटच दिसतो. हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ मध्ये वापरलेली, वेग कोठडीच्या सीमेवर आणि दाब मध्यावर ठेवण्याची युक्ती ‘सिंपल’ पद्धतीत स्वीकारली गेली आणि हा दोष टळला.

पाटणकर यांचे उष्णता-संक्रमण व द्रायुप्रवाह यांच्या संख्यात्मक गणनेवरील पुस्तक १९८० मध्ये प्रकाशित झाले. त्यांनी पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. प्रत्येक गणिती पदाचा भौतिक अर्थ काय, हे विचारत जाण्याची या पुस्तकाची रीत अध्यापकांना आजही अनुकरणीय वाटावी अशी आहे. त्यातील एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. कोठड्यांचा जमाखर्च मांडण्याच्या या पद्धतीत जाळे विरळ असले तरी द्रव्यमान, संवेग आणि ऊर्जा यांची अक्षय्यता पूर्णपणे पाळली जाते. हा पद्धतीचा गुण आहे. परंतु त्याचाच अर्थ असा की, जमाखर्च जुळणे म्हणजे उत्तर अचूक असणे नव्हे. विरळ जाळ्यावरचे चुकीचे उत्तरही हिशेबात चोख असू शकते.

प्रतिमानाच्या मर्यादा

स्पॉल्डिंग यांनी १९७४ मध्ये ‘चॅम’ ही कंपनी स्थापन केली आणि १९८१ मध्ये ‘फीनिक्स’ ही सर्वसाधारण उपयोगाची आज्ञावली बाजारात आणली. त्यानंतर अशा अनेक आज्ञावली आल्या. इंपीरियल कॉलेजमध्येच ज्याचा उगम आहे, ते ‘ओपनफोम’ २००४ पासून विनामूल्य व मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. साधन सर्वांच्या हाती आले, तसा मर्यादांचा विचार अधिक निकडीचा झाला.

पहिली मर्यादा ‘के-एप्सिलॉन’ प्रतिमानाची. त्यात पाच स्थिरांक आहेत आणि ते मूलतत्त्वांवरून सिद्ध झालेले नसून साध्या प्रवाहांच्या प्रयोगांशी जुळवून घेतलेले आहेत. सपाट झोताचा विस्तार या प्रतिमानातून बराच बरोबर येतो, तर तेच स्थिरांक वापरून गोल झोताचा विस्तार वाजवीपेक्षा अधिक येतो. तीव्र भोवंड असलेल्या प्रवाहातही ते उणे पडते. आधुनिक ज्वालकांत ज्योत स्थिर ठेवण्यासाठी हवेला भोवंड देण्याचीच पद्धत आहे, हे लक्षात घेतले की या उणिवेचे गांभीर्य कळते.

दुसरी मर्यादा भोवरा-विघटन प्रतिमानाची. रासायनिक वेग अनंत मानल्यामुळे ज्योत विझण्याची शक्यताच त्यात उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडसारख्या मध्यस्थ घटकांचे प्रमाण त्यातून नीट मिळत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची स्थिती तर अधिकच नाजूक आहे. तप्त हवेत हे ऑक्साइड तयार होण्याच्या झेल्डोविच यंत्रणेतील कळीच्या अभिक्रियेचे सक्रियण-तापमान सुमारे ३८,००० केल्व्हिन आहे. त्यामुळे तापमान १,८०० वरून १,९०० केल्व्हिन झाले, तर इतर घटक बाजूला ठेवूनही या अभिक्रियेचा वेगस्थिरांक जवळजवळ तिप्पट होतो. गणनेत १०० अंशांची चूक झाली तर रंगीत चित्रात ती डोळ्यांना जाणवणारही नाही. प्रदूषणाच्या अंदाजात मात्र ती तिप्पट होऊन उतरते. अशा अंदाजावर विसंबून भट्टीची रचना ठरवली, तर चुकीची किंमत धुराड्याच्या परिसरात राहणाऱ्यांना मोजावी लागते.

पुढील संशोधकांनी या मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न केले. मॅग्नुसेन आणि येर्टागर यांनी १९७६ मध्ये भोवरा-विघटनाची कल्पना इंधन व हवा स्वतंत्रपणे येणाऱ्या ज्योतींनाही लागू पडेल अशा रूपात मांडली. नॉर्बर्ट पीटर्स यांनी संक्षुब्ध ज्योत ही अनेक पातळ स्तरीय ज्योतींची बनलेली मानण्याचा विचार १९८४ मध्ये विस्ताराने मांडला. स्टीफन पोप यांनी १९८५ मध्ये सरासरीऐवजी तापमान व घटकांच्या संभाव्यता-वितरणाचीच गणना करण्याच्या मार्गाचे सविस्तर विवेचन केले. स्वतः स्पॉल्डिंगही आपल्या जुन्या प्रतिमानावर थांबले नाहीत. एकाच ठिकाणी भिन्न अवस्थांतील अनेक द्रायू नांदतात असे मानणारे बहुद्रायू प्रतिमान त्यांनी पुढे विकसित केले. १९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २०१० मध्ये त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

या संशोधनाचा परिचय विज्ञान व अभियांत्रिकीच्या अध्यापकांना एका व्यावहारिक कारणासाठी उपयुक्त आहे. विद्यार्थ्याने ज्वलनाच्या गणनेचे चित्र समोर ठेवल्यावर त्याला काही प्रश्न विचारता येतात. जाळे दुप्पट दाट केल्यावर उत्तर बदलले काय? संक्षोभाचे कोणते प्रतिमान निवडले आणि या प्रवाहासाठी ते का योग्य आहे? डामकोलर अंक साधारण किती आहे? तुलनेसाठी एखादे प्रत्यक्ष मापन उपलब्ध आहे काय? या प्रश्नांसाठी महासंगणक लागत नाही. मिश्रणाचा आणि अभिक्रियेचा कालावधी काढण्याचे वर दिलेले गणित कागदावर पाच मिनिटांत होते. ते न करता मिळवलेले उत्तर कितीही आवर्तनांनंतर स्थिरावले असले, तरी त्याला संशोधनाचा निष्कर्ष म्हणता येणार नाही.

भाषा, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनाही यातील एक मुद्दा परका वाटू नये. सरासरी उत्पन्नावरून एखाद्या गावातील उपासमारीचा अंदाज बांधता येत नाही, तसाच सरासरी तापमानावरून ज्वलनाचा वेग सांगता येत नाही. जेथे परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात नसतो, तेथे सरासरी ही माहिती झाकणारी गोष्ट ठरते.

समारोप

स्पॉल्डिंग यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी संपूर्ण सत्याची वाट पाहत न थांबता त्या काळच्या संगणकांना पेलेल आणि अभियंत्याला उपयोगी पडेल असे उत्तर शोधले. त्यासाठी कोणता टप्पा मंद आहे, हे त्यांनी आधी ओळखले आणि तेवढ्याचेच प्रतिमान केले. पाटणकर यांच्यासह विकसित केलेल्या गणनपद्धतीने ते प्रतिमान प्रत्यक्षात उतरले. मात्र ही सुलभता एका निश्चित परिस्थितीत मिळालेली आहे. चूल फुंकणाऱ्यालाही ठाऊक असते की, ओल्या लाकडांवर कितीही फुंकर घातली तरी जाळ धरत नाही. तेथे हवेचा नव्हे, तर उष्णतेचा अभाव असतो. कोणत्या प्रसंगी कशाचा अभाव आहे, हे आधी ठरवणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे आणि ती संगणकावर सोपवता येत नाही.